अठरावी खिडकी

दर बुधवारी दहाच्या ठोक्याला डुगल्ड रेनी ग्लासगोच्या संग्रहालयात शिरायचा आणि थेट ‘स्ट्रॅथर्न’समोर जाऊन उभा राहायचा. तो पोरवयात ज्या गोदीत कामाला होता तिथं बांधलेली, एकोणीसशे बारा साली क्लाइड नदीत उतरलेली ती युद्धनौका केव्हाच भंगारात निघाली होती. मागे राहिली ती काचेच्या पेटीतली, पुरुषभर लांबीची प्रतिकृती. डुगल्ड काचेला नाक लावून तिच्या गोल खिडक्या मोजायचा आणि तडक मिस इम्रींच्या टेबलाशी जायचा. संग्रहालयातल्या जहाजांची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

“बाई, डाव्या अंगाला सतराच आहेत. अठरा पाहिजेत. पोलादावर खडूनं खुणा मी स्वतः केल्यात!”

दोन वर्षं हे ऐकून मिस इम्रींचे कान किटले. शेवटी त्यांनी गोदीच्या जुन्या दप्तरातून मूळ नकाशाच मागवला आणि डुगल्डला निरोप धाडला. तो कडक इस्त्रीचा कोट घालून आला, सोबत बायको एफीलाही घेऊन आला. आपला नवरा जिंकताना तिनं पाहायला नको?

मिस इम्रींनी नकाशा पसरला. तिघांनी मिळून खिडक्या मोजल्या. सतरा.

“पुन्हा मोजा,” डुगल्ड म्हणाला.

पुन्हा सतराच भरल्या. डुगल्डचे कान लालबुंद झाले. तो टोपी हातात फिरवू लागला.

“म्हणजे... जहाजावर अठराच होत्या. एक खूण माझ्याकडून जास्त झाली. सोळा वर्षांचा होतो मी. माझं लक्ष पलीकडं दोरखंड वळणाऱ्या पोरींकडं होतं. लक्षात येईस्तोवर कापणाऱ्यानं भोक पाडलंसुद्धा.”

“मग?” मिस इम्रींनी विचारलं.

“मुकादमानं आईबापांसकट माझा उद्धार केला. पण पोलादाला ठिगळ कोण लावणार? बसवली काच. आत कप्तानाचा संडास निघाला.”

एफी पोट धरून हसली. “अरे लबाडा! चाळीस वर्षं मला सांगतोयस, साहेबानं तुझा सल्ला घेऊन खिडकी वाढवली म्हणून!”

“कप्तान खूश होता पण! बसल्या बसल्या समुद्र दिसायचा त्याला.”

“आणि त्या पोरी कोण रे?”

डुगल्ड लगबगीनं नकाशाची गुंडाळी करू लागला.

मिस इम्रींनी हसून हसून पाणावलेले डोळे पुसले. प्रतिकृती नकाशाबरहुकूम होती, तिला भोक पाडता येणार नव्हतं. पण त्यांनी पेटीखाली एक पाटी लावली: ‘प्रत्यक्ष जहाजाला डाव्या बाजूस एक खिडकी अधिक होती. गोदीतील नजरचूक.’

पुढच्या बुधवारी एक चष्मेवाले गृहस्थ ती पाटी वाचून कुत्सितपणे हसले. “कोण गाढव होता कुणास ठाऊक!”

शेजारी उभ्या डुगल्डनं टोपी काढली. “मीच तो, साहेब,” तो म्हणाला, आणि त्यांना कोपराला धरून नेमकी जागा दाखवायला घेऊन गेला.