बांधलेले मेल उघडायचे नाहीत

पुलगावच्या बाजारात जिथं ओमप्रकाशचं सरकीचं दुकान होतं, तिथं आता चिंचेचं झाड आहे. झाड चांगलं जुनं, बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही. दुकान मात्र २००४च्या दिवाळीपर्यंत चालू होतं. खोटं वाटत असेल तर जाऊन पाहून या. दुकान दिसणार नाही. याहून मोठा पुरावा मी कुठून आणू?

वर्ध्याला कापूस बाजाराच्या मागे अण्णाजींचं दलालीचं ऑफिस. गिरणीवाले गाठींचे भाव मेलवर विचारायचे, म्हणून त्यांच्या मुलानं, मुकेशनं, कॉम्प्युटर बसवला, मेल सांभाळायला केळझरच्या रीताला कामावर घेतलं, आणि मग तो स्वतः जहाजावर नोकरीला निघून गेला. रीता रोज एस.टी.नं यायची. मुकेशचा मेल आला की अण्णाजींच्या बायकोला, नलूकाकूंना, बोलावून वाचून दाखवायची. अण्णाजी स्वतः मेल कधीच वाचत नसत. "काय म्हनते तेवढं सांग," एवढंच.

अण्णाजींच्या घरी आजोबांपासूनचा एक नेम होता. लक्ष्मीपूजनाला जुनी वही मिटायची, लाल कापडात बांधायची, हळदकुंकू वाहायचं. आणि एकदा बांधलं की उघडायचं नाही. उघडलं तर लक्ष्मी मागच्या दारानं जाते.

२००४ साली कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. मेलचा डबा भरला, नवीन मेल परत जायला लागले. अण्णाजी म्हणाले, "वह्या बांधतो तसे मेलबी बांधून टाक." रीतानं व्यापाऱ्यांचे जुने मेल उचलून एका सीडीवर टाकले, मशीनवरचे पुसले, आणि लक्ष्मीपूजनाला सीडीला लाल कापड लागलं. उघडून पाहायची सोयच नव्हती. नेम म्हणजे नेम.

होळीच्या सुमारास ओमप्रकाशच्या एका सौद्याच्या मेलची गरज पडली. रीतानं चोरून गाठ सोडली. सीडीवर निम्मे मेल उघडले, निम्मे कोरे. ओमप्रकाशचे सगळेच कोरे. म्हणून ती त्यालाच विचारायला पुलगावला गेली, तर समोर झाड. सावलीत बसलेला म्हातारा म्हणाला, "कोन ओमप्रकाश? माह्या आज्यानं या झाडाले झोका बांधलता."

परत येऊन तिनं अण्णाजींना विचारलं. स्वतःच्या पोरीच्या लग्नात ज्याच्या मांडीला मांडी लावून जेवले, त्या माणसाबद्दल अण्णाजी म्हणाले, "कोन वं हा?"

रीताला मात्र तो आठवत होता, कारण त्याचे मेल तिनं वाचले होते. ज्यानं वाचलं त्यालाच आठवतं, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं ते कोणाला सांगितलं नाही. ऐकणार कोण?

कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या स्वप्निलला तिनं एवढंच विचारलं, की मेल हरवू नये म्हणून काय करायचं. तो म्हणाला, "उचलून ठेवूच नका ना ताई. कापी करा. ती कापी दुसऱ्या मशीनवर नेऊन एकेक मेल उघडून पाहा. दिसला, तरच इथला पुसा. पाह्यल्याशिवाय पुसलं, की गेलं समजा."

पुढची दिवाळी आली. डबा पुन्हा भरला होता, आणि आता बांधायच्यात मुकेशचेही मेल होते.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी रीतानं नलूकाकूंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. काकू हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, "म्हंजे माह्या मुकेशचंबी झाड होईन?"

"बांधायच्या आधी सगळे उघडून पाह्यले, तर नाई होनार."

अण्णाजी पूजेच्या पाटाची मांडामांड करत होते. रीता म्हणाली, "अण्णाजी, बांधायच्या आधी मले पाहू द्या. बांधल्यावर तर तुमी हात लावू देत नाई."

"पाह्य ना, कोन नाई म्हनते? पन मुहूर्ताच्या टायमाले सीडी पाटावर पाह्यजे. लक्ष्मी काही तुह्या मेलसाठी थांबून राह्यली नाई."

गोदामात वजनकाट्यापाशी एक जुना कॉम्प्युटर होता. रीतानं तिथं सीडीवरची कॉपी उघडली. काकू सरकीच्या पोत्यावर बसल्या.

"दिसते?"

"दिसते, काकू."

पुढचा मेल. "दिसते?"

"दिसते, काकू."

असं चाललं होतं. मधेच लाइट गेली. बॅटरीचा डबा पिपाणीसारखा ओरडायला लागला. लाइट आली, तेव्हा उघडलेला मेल कोरा होता. पांढराफेक. रीता काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "काऊन वं, मुकेशच्या हनुवटीवर तीळ होता ना? की नव्हता?"

रीता ऑफिसात धावली. मूळ मेल अजून पुसलेला नव्हता. तिनं तो परत कॉपी केला, गोदामात आणला, उघडला. अक्षरं आली. काकूंनी डोळे मिटून सुस्कारा टाकला. "हो वं. डाव्या अंगाले. नजर लागू नये म्हनून मीच काजळ लावत होती त्याच्यावर."

त्यानंतर दोघींनी पाणीसुद्धा प्यायलं नाही. मुकेशचे सगळे मेल पाहून झाले. मग रीतानं व्यापाऱ्यांचे पाहिले, एकाचंही झाड होऊ नये म्हणून. मधल्या वेळात मुकेशलाही एक मेल पाठवला: पुलगावची गोष्ट, तिळाची गोष्ट, सगळं लिहिलं, आणि खाली लिहिलं, 'तुमचे सगळे मेल उघडून पाहिले आहेत. काळजी नसावी.'

बाहेर फटाके सुरू झाले. अण्णाजींची हाक आली, "रीता! मुहूर्त चालला वं!"

तळाशी एकच मेल राहिला होता. सगळ्यात जुना. डबा नवा होता तेव्हाचा.

"तो कोनाचा?" काकूंनी विचारलं.

"माहाच हाय. नोकरीचा अर्ज. मुकेशभाऊंनी वाचला, अन् मले घेतलं."

"मंग पाह्य ना."

"माहं मले काय पाह्याचं काकू," रीता हसली. "मी तर इथंच हाय."

तिनं मूळ डबा पुसला. सीडी पाटावर गेली. अण्णाजींनी कापडाची गाठ मारली, वर दोन अक्षता टाकल्या.

भाऊबीज झाल्यावर ऑफिस उघडलं. सकाळच्या एस.टी.नं एक मुलगी आली आणि सरळ कॉम्प्युटरकडे निघाली. अण्णाजींनी चष्मा वर केला. "काय काम हाय बाई?"

मुलीला ती थट्टा वाटली. ती हसली. मग तिनं अण्णाजींचे डोळे पाहिले आणि तिचं हसू तिथंच थांबलं. ती नलूकाकूंकडे वळली. काकू मनाच्या चांगल्या, त्यांनी पाणी दिलं, फराळाची बशी दिली, आणि परक्या पोरीला विचारतात तसं मायेनं विचारलं, "कोनाची वं तू?"

मुलीनं बशी खाली ठेवली. परतीच्या गाडीत बसली म्हणतात. केळझरला उतरलेली कोणी पाहिली नाही.

मीही त्या ऑफिसात भाव ऐकायला रोज बसत असे. रोज तिच्या हातचा चहा पीत असे म्हणे. मला काही आठवत नाही.

हे सगळं सांगितलं मुकेशनं. तो संक्रांतीला घरी आला, डाव्या बाजूच्या तिळासकट. उंबरठ्यावरच त्यानं विचारलं, "रीता कुठाय?"

"कोन रीता?" आईबाप एका सुरात म्हणाले.

त्यानं कोणाचं न ऐकता लाल कापड सोडलं. त्याचे सगळे मेल उघडले. व्यापाऱ्यांचेही उघडले. सगळ्यात जुना उघडला, तो कोरा. मग तो केळझरला गेला. अर्जावरचा पत्ता त्याला पाठ होता. त्या जागी घर नव्हतं, विहीर होती. काठाचे दगड दोरानं झिजलेले.

काकूंना यातलं काही पटलं नाही. पोरगा सुखरूप आला, म्हणून नवस फेडायला त्या केळझरच्या गणपतीला गेल्या. ऊन फार झालं, तहान लागली, तेव्हा मुकेशनं त्यांना त्याच विहिरीवर नेलं. काकू काठावर वाकल्या. खाली काळं पाणी. का कोण जाणे, त्यांच्या तोंडून शब्द निघून गेला,

"दिसते?"

आणि खालून, गार, ओला, ओळखीचा आवाज आला,

"दिसते, काकू."