रिकाम्या मुशीतला वायू

बोर्गहिल्ड पडद्यावरच्या रेषेकडे बघतच बसली. ट्रॉन्हाइमच्या त्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं तिचं काम एकच: बोटभर मुशीत वस्तूचा तुकडा ठेवायचा, भट्टी तापवायची आणि त्यातून कुठला वायू किती सुटतो ते मोजायचं. आज मूस रिकामी होती. तरी दोनशे दहा अंशांवर रेषेला वायू सुटल्याचा उंचवटा आला. पाच आठवड्यांपूर्वी भिंतीला लावायच्या, डिंकाने चिकटवलेल्या लाकडी पाट्यांचा तुकडा तापवला, तेव्हा आला होता अगदी तसाच.

चिमटा सापडेना म्हणून आज मूस तिने बोटांनीच उचलली होती. तेव्हाही तसंच केलं होतं. आणि थंडीने भेगाळलेल्या बोटांना ती ऑक्टोबरपासून मलम चोपडतेय; तेच मुशीला लागलं असणार. रोज आधी रिकामी मूस तापवून बघायची, हा इथला पहिला नियम. त्या दिवशी नमुने अकरा, अंग मोडून आलेलं, म्हणून तिने तो टाळला. आता कुणाला काय सांगणार, कप्पाळ!

दोष डिंकात आहे, या तिच्या अहवालावरून पाट्यांच्या कारखान्याने डिंक कालवणाऱ्या आइलेर्टला जबाबदार धरलं. एकतीस वर्षं तेच काम केलेला माणूस. माझाच हात चुकला असेल, म्हणाला आणि मुकाट्याने घरी बसला.

"यंत्राच्या नळीत घाण होती म्हण," तिने सांगितल्यावर शेजारच्या टेबलावरचा सहकारी टोरगाइर म्हणाला. "मार्चमध्ये निवृत्त होतेयस तू. कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

"अहवालावर सही काय नळीने केली?"

तिने जुना अहवाल रद्द केल्याचं पत्र लिहून वरिष्ठांना आणि कारखान्याला पाठवलं. मग कॉफीसुद्धा न घेता आइलेर्टला फोन लावला. जीव नकोसा झाला होता, पण हे दुसऱ्या कुणाकडून त्याच्या कानावर जायला नको होतं.

"म्हणजे डिंक बरोबर होता?" सगळं ऐकून त्याने विचारलं.

"बरोबर होता. चूक माझी. कारखान्यालाही कळवलंय मी."

ती फोन कानाला लावून उभी राहिली.

"पाच आठवडे मी आठवत बसलोय, नेमका कुठल्या दिवशी चुकलो ते," तो म्हणाला. "आणि एक दिवस सापडलाही होता मला."