मातीला न शिवलेली तार

राजश्रीनं क्लॅम्प मीटरचा जबडा अर्थिंगच्या तारेभोवती मिटवला आणि आकडा पाहून तिचं डोकंच फिरलं. ओहमचा जेमतेम दहावा हिस्सा. ऐन उन्हाळ्यात, लातूरच्या भेगाळलेल्या जमिनीत. इथं मीठ-कोळसा घालून टँकरभर पाणी ओतलं तरी आकडा खाली आणताना नाकी नऊ येतात, आणि दादाच्या हॉस्टेलात म्हणे मातीची चांदी झाली होती.

हॉस्टेल तिच्या थोरल्या भावाचं, श्रीनाथचं. नीटच्या क्लासला येणाऱ्या मुलींसाठी बांधलेलं, आजपासून प्रवेश. वीज तपासणीचा दाखला तेवढा राहिला होता, आणि तो वीज निरीक्षक असलेली घरचीच बहीण देणार म्हणून स्वारी निर्धास्त.

"आकडा झकास आलाय की. सही कर, मग जेवायला बसू."

"झकास नाही दादा, खोटा आहे."

मीटरचा करंट मातीतून फिरून आला तर मीटर मातीचा अडथळा सांगतं. तारेतूनच फिरला तर नुसत्या तारेचा. राजश्रीनं पाना लावून जोड सोडला. मीटरवर आकडाच उरला नाही. मग तिनं अर्थिंगच्या खड्ड्यातली तार दोन्ही हातांनी ओढली, तशी पलीकडच्या खड्ड्यातली तार खाली सरकली. एकच तार, प्लास्टिकच्या पाइपातून इकडून तिकडं नेलेली. खाली मातीत पुरायची तांब्याची प्लेट नाही, कोळसा नाही. वर मात्र झाकणांना पिवळा रंग आणि नंबर. वरून कीर्तन, आतून तमाशा.

"तुला माहीत होतं?"

श्रीनाथ चप्पल मातीत घासत राहिला. "वायरमन म्हणला, मीटरवर पास होतंय. सगळेच करायलेत राजू. लई ताणू नको. कॉलमला लोखंड किती घातलंय ते बघ की."

राजश्रीला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. भूकंपाच्या पहाटे ही दोघं एकाच बाजेखालून जिवंत निघाली होती. आई निघाली नाही.

"आईवर भिंत पडली, म्हणून तुला भिंतीचं भय," ती म्हणाली. "विजेनं आपल्यातलं कुणी नेलं नाही, म्हणून लोकांच्या पोरी तिला द्यायच्या? लोखंडी कूलरच्या अंगात करंट उतरला तर जमिनीत जायला वाट नाही. तो ओल्या हाताच्या पोरीतूनच जाणार."

"चार दिवसांत प्लेट टाकतो. पण आज लोकं दारात आलेत. सख्ख्या भावाचं नाक कापशील?"

ती आत गेली, तिनं मेन स्विच पाडला आणि फ्यूज काढून पर्समध्ये टाकले. बाहेर आली तर फाटकात जळकोटचे शेषेराव उभे होते, मागं गादीची वळकटी धरून त्यांची लेक पुनम. शेषेरावांनी खांबावर हात थापटला.

"ताई, भूकंप आला तर टिकंल का हे?"

श्रीनाथनं बहिणीकडं पाहिलं. डोळ्यांत नुसती विनवणी.

"इमारत टिकेल काका," राजश्री म्हणाली. "आत कूलरला हात लावलेली पोरगी टिकणार नाही. हिला माघारी न्या."

 शेषेरावांनी पुनमच्या हातातली वळकटी घेतली, खांद्यावर टाकली आणि ते फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बाकीच्या आईबापांना सांगायला गेले.