धूर दिसला म्हणून

गॅसची टाकी चढली, गाद्यांची वळकटी चढली, शेवटी मीना चढली आणि टेम्पो वाटूरच्या वाटेला लागला. सळईची मिल बंद पडल्यापासून भारत जालन्यात काम हुडकत फिरला होता. आता बिऱ्हाड सासऱ्यांकडं, तातेरावांच्या शेतावर निघालं होतं.

मिल जवळ आली तसा भारत ओरडला, "भिवा, थांब! धूर निघून राह्यला!"

तिथली रीतच तशी होती. कुणाला बोलावणं यायचं न्हाई. चिमणीनं धूर सोडला की ज्यानं त्यानं डबा उचलायचा आणि गेट गाठायचं.

गेटवर मुकादम मच्छिंद्र तंबाखू मळत होता.

"चालू झाली का, भाऊ?"

"भट्टी नवी लिंपली. वाळवून राह्यलो."

"म्हंजे बंदच?"

"मंदी हटली की चालू. पण आता नवा कायदा हाय. ठेकेदार न्हाई, थेट कंपनीचा माणूस. मुदतीवर. पीएफ, रजा, समदं कायमवाल्यासारखं."

भारतच्या आशेला पालवी फुटली. "मंग पुन्हा मंदी आली तर काढणार न्हाईत?"

"काढायचं कशाला? मुदत संपल की."

"अन् तेजी आली तर?"

"तरीबी संपल. मंग नवी देतील. दिली तर."

"मंग पहिल्यात अन् आत्तात फरक काय?"

मच्छिंद्रनं तंबाखू ओठात दाबली. "मला इचारतो व्हय? मीबी मुदतीवरच हाय."

भारत टेम्पोपाशी आला. मीनानं विचारलं, "लागलं का काम?"

"लागलं. म्हंजे… लागल."

"कवा?"

"मंदी हटल्यावर."

"अन् ती कुणाला इचारून हटती?"

भिवानं हॉर्न दाबला. "वहिनी, उतरवू का नेऊ? मला मंठ्याचं भाडं हाय!"

भारतनं एक गोधडी ओढून घेतली. "तू हो पुढं. मी ऱ्हातो."

"कुठं ऱ्हाता? खोली तर सोडली."

भारतनं गोधडी खांद्यावर टाकली. मीनानं पदराआडून भाकरीचं फडकं काढून त्याच्या हातात दिलं आणि तोंड फिरवलं. टेम्पो गेला.

तेवढ्यात मिलमधला जोडीदार मिथुन डबा घेऊन धापा टाकत आला. "धूर दिसला! तुला घेतलं का रं?"

भारतनं मान हलवली. होकाराची का नकाराची, त्याचं त्यालाच उमगेना. गोधडी गेटपाशी अंथरून तो जरा सरकून बसला, मिथुनपुरती जागा करत.