खाडीतला पारा

पहिली सळई टेबलावर पडली. बाटल्या फुटल्या आणि खाडीचं पाणी क्षिप्राच्या पायांवर सांडलं. भरदुपारी तीन माणसं वाशीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत घुसली होती.

"पाऱ्याचे आकडे कुठायत?"

तिने कॉम्प्युटरकडे बोट केलं. त्यांनी तो उचलून भिंतीवर आपटला, फ्लॉप्या बुटाखाली चिरडल्या.

"अजून कुठे?"

"इंटरनेटवर टाकलेत. बडोद्याला गेलेत, मद्रासला गेलेत. तुम्ही कुणाकुणाकडे जाणार?"

ते खरं होतं, आणि त्या माणसाला पटलंही. पण आलोय तर रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून त्याने तिचं मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरलं आणि सळई हाणली. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ नंतर आली.

खाडीकाठच्या सारसोळे गावातल्या कोळ्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून क्षिप्रा खाडीचं पाणी आणि मासळी तपासत होती. विभागप्रमुख श्यामसुंदर राजाध्यक्ष तिला बजावायचे, "पेपर छापून येईपर्यंत कुणाला दाखवू नकोस. दुसराच कोणी स्वतःचं नाव लावेल." पण लोक ती मासळी रोज खात होते. तिने प्रत्येक नमुन्याची जागा आणि वेळ यांसकट सगळं खुलं करून टाकलं. गावच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "बहुतेक रंगाचा कारखाना असावा."

ते 'बहुतेक' गावाने ऐकलंच नाही. तिचा हात मोडल्याची बातमी कळताच सारसोळ्याचा जयप्रकाश माणसं घेऊन रंगाच्या कारखान्यावर निघाला.

क्षिप्रा हॉस्पिटलात प्लास्टर घालून बसली होती. तिथे राजाध्यक्ष धापा टाकत आले. बडोद्याहून तौहीद नावाच्या संशोधकाचा कॉलेजात फोन आला होता. त्याने तिचे आकडे भरती-ओहोटीच्या वेळांशी ताडून पाहिले होते. ओहोटीला पारा रंगाच्या कारखान्यापाशी वाढत नव्हता, शिरवण्याकडून येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी वाढत होता. त्या नाल्यावर थर्मामीटर बनवणारा एक कारखाना होता.

जयप्रकाश निघाल्याचं कळून दोघं रिक्षाने रंगाच्या कारखान्यावर पोचली तेव्हा गेट पडलं होतं. वॉचमन शहाजी जमिनीवर पडला होता. त्याच्या डोळ्यातून रक्त येत होतं आणि दोघंजण अजूनही त्याला लाथा घालत होते. क्षिप्रा मध्ये घुसली. एक काठी तिच्या खांद्यावर बसली.

"जयप्रकाश, हा कारखाना नाही."

"तुमीच तर बोललात."

"अंदाज होता. चुकला. बडोद्याच्या माणसाने माझ्याच आकड्यांवरून दाखवून दिलं."

जयप्रकाश शहाजीकडे बघत राहिला. मग त्याने हातातला रॉकेलचा डबा खाली ठेवला.

पुढे शिरवण्याच्या त्या कारखान्यामागे पुरलेली पिंपं निघाली. मालकाला अटक झाली, सळईवालेही त्याचेच निघाले. शहाजीचा डोळा मात्र गेला.

त्यानंतर राजाध्यक्षांनी कपाटातली आपली जुनी मोजणी बाहेर काढली आणि क्षिप्राच्या आकड्यांशेजारी खुली केली. पुस्तक लिहायचं म्हणून ती त्यांनी जपून ठेवली होती. सारसोळ्यात येऊन त्यांनी ती स्वतःच समजावून सांगितली. नाल्याच्या तोंडाशी पारा पाच वर्षांपूर्वीच दिसत होता.

जयप्रकाशचा बाप मधल्या काळात थरथरत, वाचा गेलेल्या अवस्थेत मेला होता.

"म्हंजे तवाच तुमाला ठावं होतं?" त्याने विचारलं.

"आकडे होते. नीट बघितले नव्हते. बघू शकेल अशा कुणाला दिलेही नव्हते."

जयप्रकाशने ठोसा मारला. राजाध्यक्ष जाळ्यांच्या ढिगावर कोसळले, ओठ फाटला. क्षिप्रा पुढे झाली, तशी त्यांनी तिला हाताने थांबवलं. उठून त्यांनी तोंड पुसलं आणि विचारलं, "उरलेलं सांगू?"

 जयप्रकाश खाली बसला आणि म्हणाला, "सांगा."