काचेखालचा बाप

तुम्हाला पटणार न्हाई, पण माझ्या एका दंडातल्या रक्तावर तिघांचा निकाल लागला. रामनगरात असा दुसरा माणूस दाखवा.

सत्त्याण्णव साली आमच्या थोरल्या भावाच्या, लखूच्या गळ्यातली गाठ बेळगावच्या डॉक्टरानं काढली. तसलीच गाठ आमच्या बापालाही होती. आम्ही दोन्हींचा दोष ओढ्याच्या पाण्याला दिला. डॉक्टर म्हणाला, पाणी न्हवं, हा कॅन्सर, आणि तो तुमच्या घराण्यात रक्तातून उतरतोय. बापाच्या रक्तातलं एक अक्षर चुकलंय. ते पोरांत उतरेल किंवा न्हाई, निम्मं निम्मं. ज्याच्यात सापडेल त्याची गळ्यातली ग्रंथी वेळेत काढली, की माणूस वाचला. म्हणून मी, धाकटी बहीण काशी आणि काशीची विशीतली पोर गुणा, तिघांनी रक्त द्यायचं.

आता आमच्याकडं जंगलातली वाट साफ करायची असो की देवळाची कौलं चाळायची, घरटी एक माणूस जातो. काशी नवरा गेल्यापासून लेकीला घेऊन माझ्याकडंच राहती. घर एक, तर माणूस एक. काशीला हे पटलं. मंगळवारी मी निघालो.

परत आल्यावर पडवीत माणसं जमली, त्यांना सगळं सांगितलं. पहिली सुई माझ्या दंडात वाकली. दुसरी गुरांच्या दवाखान्यातनं आणवली. रक्ताचा थेंब काचेखाली धरला, तर आत आमचा बाप उकिडवा बसून तंबाखू मळतोय. मला बघून म्हणाला, येसू, भात कापला का रे? त्याच्यामागं आजा, आज्यामागं पणजा, रांग पार जंगलातल्या कुळगी गावापर्यंत. डॉक्टरानं एकेकाला मान वर करायला लावली. शेजारच्या परशुरामानं विचारलं, बापानं चुना मागितला न्हाई का? मागितला की, पण मधी काच होती.

इतरांना निकालासाठी महिनाभर थांबवतात. मला चहा संपायच्या आत सांगितला. अक्षर जागच्या जागी, सगळं घर साफ.

काशीनं पदर डोळ्याला लावला.

"म्हंजे माझी गुणा सुटली, दादा?"

"सुटली."

ती देवापुढं साखर ठेवायला उठली, तर गुणानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग माझ्याकडं वळली. आवाज चढवला न्हाई.

"मामा, मंगळवारी मी बी तुमच्या मागनं स्टँडवर आलते. माझं रगत मलाच द्यायचं हुतं. पुलावर ट्रक उलटलेला, बेळगावची गाडी सांजेपतोर आलीच न्हाई. तुमी समोरच्या हाटेलात भजी खात बसला हुता."