ढोल थांबेपर्यंत

हार्टवेलची गावसभा भरायची ती क्वॉश बार्लोच्या ढोलावर. प्रार्थनाघराला घंटा घ्यायची म्हणून गाव वीस वर्षं नुसतं तोंडाची वाफ दवडत होतं. टेकडीपलीकडच्या शेतांवर ऐकू जाईल असा ढोल बडवणारा गावात एकच माणूस होता, आणि तो काळा होता. ढोल वाजवण्यापुरतं त्याचं कुणाला काही वाटत नसे.

गावाचा एक जुना नियमही होता. ढोल वाजतोय तोवर सभेनं कशावरही मत घ्यायचं नाही. लांबच्या लोकांना पोचायला वेळ मिळावा म्हणून केलेला. करणारे बहुतेक सगळे मागच्या दफनभूमीत जाऊन पडले होते, पण नियम वहीत तसाच होता.

त्या दिवशी सकाळी क्वॉशनं ढोल खांद्याला अडकवला, तेव्हा त्याची बायको झिल्पा चुलीवर मक्याची लापशी ढवळत होती.

"वाजव बाबा, वाजव," ती म्हणाली. "स्वतःचंच नाव कापायला गावाला आवतण दे. तुझ्यासारखा शहाणा अख्ख्या मॅसॅच्युसेट्समध्ये मिळायचा नाही."

"कापायला नाही, कापू न द्यायला बोलावतोय."

"आणि त्यांनी तुला मोजलंच नाही तर?"

क्वॉशनं ढोलाचा पट्टा आवळला. रात्रभर त्याला झोप नव्हती ती ह्याच विचारानं.

राजाविरुद्ध लढाई पेटली होती आणि त्याचा गव्हर्नर पळून गेला होता. आता नवं सरकार कसं असावं ह्याचा मसुदा बोस्टनहून गावोगाव धाडला होता. झिल्पा पाद्र्याच्या घरात वाढलेली, तिला वाचता येत होतं. तिनंच तो क्वॉशला वाचून दाखवला. पाचव्या कलमाशी ती थांबली. काळ्यांना, इथल्या मूळच्या इंडियनांना आणि मिश्र रक्ताच्यांना मत नाही. सरळ सरळ लिहिलं होतं मेल्यांनी, लाज ना शरम! पण सोबतचं पत्रही तिनं सोडलं नाही. ह्या मसुद्यावर एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक स्वतंत्र पुरुषानं मत द्यावं, असं त्यात होतं.

"म्हणजे आज तुला मत आहे," ती म्हणाली होती. "मसुदा पास झाला, की मग कधीच नाही."

प्रार्थनाघर गच्च भरलं. काळे लोक आणि बायका वरच्या सज्जात. खाली प्रार्थनाघराचे कारभारी डीकन थर्बर सभापतीच्या खुर्चीत बसले होते. मसुदा वाचायला त्यांना तास लागला. पाचवं कलम मात्र त्यांनी असं भरभर वाचलं, जणू घशात माशाचा काटा अडकला होता.

"बाजूचे उजवीकडे, विरुद्धचे डावीकडे," ते म्हणाले.

बाकं करकरली. क्वॉश खांद्यावरच्या ढोलासकट सज्जाचा जिना उतरला. साराटोगाच्या लढाईत गोळी लागलेला पाय लाकडी पायरीवर खट् खट् वाजत होता. तो डाव्या रांगेत सगळ्यांत पुढे जाऊन उभा राहिला, शेजारी ओबेड व्हिटकॉम्ब. ओबेडच्या डुकरांनी गेल्या वर्षी क्वॉशचे भोपळे फस्त केले होते, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"तू इकडे कुठे?" ओबेड पुटपुटला.

"तू कशाला विरुद्ध आहेस?"

"गव्हर्नरला फार अधिकार दिलेत. एक राजा गेला, दुसरा कशाला?"

"मग गप उभा राहा."

डीकन काठी घेऊन आले. रीत अशी, की प्रत्येकाच्या खांद्याला काठी लावायची आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. त्यांची काठी क्वॉशसमोरून सरळ पुढे गेली आणि ओबेडच्या खांद्याला लागली.

"एक."

क्वॉशचे कान तापले. "डीकनसाहेब, एक इथं आहे."

"क्वॉश, वर जा. उगाच तमाशा नको."

"साराटोगाला जायच्या आधी हजेरी झाली, तेव्हा तुमच्या पुतण्याच्या जागी कोण उभं होतं? तेव्हा मोजलंत मला. कराच्या यादीत दरसाल मोजता. आजच डोळ्यांना काय झालं?"

सभेत कुजबुज झाली. डीकनांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पाचवं कलम ऐकलं नाहीस?"

"ऐकलं की. ते अजून पास कुठं झालंय? बोस्टनचं पत्र म्हणतं, प्रत्येक स्वतंत्र पुरुष. मी स्वतंत्र आहे, पुरुष आहे. एकवीस तर केव्हाच उलटली!"

कुणीतरी खो खो हसलं. डीकनांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि काठी पुढच्या खांद्याला लावली. "दोन."

मग क्वॉशनं काठ्या काढल्या आणि ढोलावर घातल्या.

प्रार्थनाघरात त्यानं कधी वाजवला नव्हता. तावदानं थरथरली. एक पोर किंचाळून रडायला लागलं. डीकन ओरडत होते, पण त्यांचं तोंड नुसतं हलताना दिसत होतं. कॉन्स्टेबल पुढे आला, तेव्हा ओबेड व्हिटकॉम्बनं त्याचा दंड धरला.

"नियम आहे," ओबेड त्याच्या कानात ओरडला. "ढोल वाजतोय तोवर मत नाही. आणि ह्याला हात लावलास तर आमचं एक मत कमी होतं. डुकरांचं आमचं आम्ही बघून घेऊ!"

क्वॉश वाजवत राहिला. जेवणाची वेळ टळली. लोकांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. त्याच्या हातांना फोड आले, पाय ठणकायला लागला. एकदा त्यानं वर पाहिलं. झिल्पा सज्जाच्या कठड्याला धरून ताठ उभी होती. तिनं मान हलवली: थांबू नकोस.

शेवटी डीकन त्याच्यासमोर आले. घामानं निथळत होते. त्यांनी काठी उचलली, हवेत धरून ठेवली, आणि मग क्वॉशच्या खांद्यावर टेकवली.

ढोल थांबला. कान सुन्न झाले होते.

"एक," डीकन म्हणाले.

"मोठ्यानं म्हणायची रीत आहे."

"एक!"

डाव्या बाजूला चोपन्न भरले, उजवीकडे एकोणीस. क्वॉश नसता तरी मसुदा पडलाच असता. पण गावाच्या वहीत चोपन्न लिहिलं गेलं आणि शाई वाळेपर्यंत क्वॉश तिथून हलला नाही.

घरी जाताना तो लंगडतही नव्हता असं म्हणायला हरकत नाही. "चोपन्न!" तो दर वळणावर म्हणत होता. "अगं, चोपन्नातला मी पहिला!"

ओढ्यावरच्या फळीपाशी झिल्पा थांबली.

"ते पत्र कुणी वाचून दाखवलं?"

"तू."

"आज तुला मत आहे, हे कुणी शोधलं?"

"तूच की."

"मग मी कितवी?"

क्वॉशचा चोपन्नाचा सगळा तोरा तिथंच उतरला.

झिल्पानं हात पुढे केला. "दे तो ढोल इकडे," ती म्हणाली. "आणि कसा वाजवायचा ते शिकव."